देवळामागचा कोरीव दगड वाचायचा कसा?

रस्ता रुंद करताना, विहिरीचा गाळ काढताना, देवळाचा पाया खणताना ‘वीरगळ सापडला’ अशी बातमी महाराष्ट्रात अधूनमधून येतच असते. फोटोत एक उभट काळा दगड असतो. त्यावर झिजलेली माणसं, घोडे, वर कळसासारखं काहीतरी. बातमीत ‘प्राचीन’ आणि ‘दुर्मीळ’ हे दोन शब्द हमखास असतात. गावात कुणी तो पांडवांच्या काळातला म्हणतं, कुणी शिवकाळातला, तर कुणी सरळ शेंदूर आणून लावतं. दगडावर काय कोरलंय, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं.

खरं तर ते वाचायला ना संस्कृत यावं लागतं ना मोडी. वीरगळ ही चित्रांतून सांगितलेली हकिकत आहे आणि ती गावातल्या अडाणी माणसालाही कळावी म्हणूनच कोरलेली आहे. मधल्या काळात वाचायची रीत तेवढी आपल्या हातून निसटली. ती पुन्हा शिकायला अर्धा तास पुरतो, आणि म्हणूनच हा लेख.

‘गळ’ म्हणजे काय?

माशाचा गळ नव्हे. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. ‘वीरगल्लु’ म्हणजे वीराचा दगड, त्याचा मराठीत वीरगळ झाला. तमिळ मुलखात अशा दगडाला ‘नडुकल’ म्हणतात, म्हणजे रोवलेला दगड. गुजरातेत त्याला ‘पाळिया’ म्हणतात. लढताना मेलेल्या माणसासाठी दगड उभा करायचा, ही चाल एकट्या महाराष्ट्राची नाही.

आपल्याकडचे बरेचसे वीरगळ शिलाहार आणि यादवांच्या राजवटीतले आहेत, म्हणजे ढोबळमानाने अकराव्या ते चौदाव्या शतकातले. ते सापडतात कुठे? महादेवाच्या किंवा मारुतीच्या देवळाच्या आवारात, वेशीपाशी, पाणवठ्यावर, जुन्या वडा-पिंपळाच्या पाराला टेकून. वाई तालुक्यातल्या किकली गावात भैरवनाथाच्या देवळापाशी इतके वीरगळ आहेत की ‘वीरगळांचं गाव’ हीच त्याची ओळख झाली आहे. पण सांगायचं तर दहा-वीस मैलांच्या टापूत एकही वीरगळ नाही, असा भाग देशावर शोधूनच काढावा लागेल.

पोथी वरून खाली, वीरगळ खालून वर

चाळीचा जिना चढावा तसा वीरगळ वाचायचा. दगडावर आडव्या पट्ट्यांनी वेगळ्या केलेल्या तीन-चार चौकटी असतात. त्यांना मजले समजा.

तळमजल्यावर मरण आहे. एक माणूस आडवा पडलेला असतो, तोच आपला वीर. कधी त्याच्या अंगावरून लढाई चाललेली असते, कधी तो एकटाच असतो. आपल्याला वाटेल, आधी लढाई दाखवावी, मग मरण. पण घरात कुणी गेलं की फोनवर आपण आधी काय सांगतो? ‘अण्णा गेले.’ कसे, कुठे, केव्हा, ते मागाहून. शिल्पकारानेही आधी ती बातमी सांगून टाकली असावी, असं मला वाटतं.

पहिल्या मजल्यावर लढाई. ढाल-तलवारी, भाले, धनुष्यबाण, उधळलेले घोडे. इतक्या गर्दीत आपला माणूस ओळखायचा कसा? शिल्पकार त्याला इतरांपेक्षा थोडा मोठा काढतो. तो घोड्यावर असेल तर ऐपतीचा, डोक्यावर छत्र धरलेलं असेल तर सामंत-सरदार, पायउतार असून हातात नुसती ढाल-तलवार असेल तर साधा गडी. केस मागे अंबाड्यासारखे बांधलेले, कमरेला कट्यार, गुडघ्याच्या वर खोचलेलं वस्त्र, हे सगळं नीट बघायचं. त्या काळच्या साध्या माणसाचा पेहराव इतक्या बारकाईने दाखवणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या मजल्यावर एकदम शांतता. मधे वीर आणि दोन्ही बाजूंना बायका. त्यांनी त्याला हाताला धरलेलं असतं किंवा विमानात बसवलेलं असतं. या त्याच्या घरच्या बायका नव्हेत, अप्सरा आहेत. कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर एक संस्कृत श्लोक कोरलेला आढळतो: ‘जितेन लभ्यते लक्ष्मीः मृतेनापि सुराङ्गना। क्षणविध्वंसिनी काये का चिन्ता मरणे रणे॥’ जिंकलास तर लक्ष्मी मिळेल, मेलास तर स्वर्गातल्या स्त्रिया मिळतील. क्षणात नाहीसा होणारा हा देह, मग रणात मरायची चिंता कसली? आपल्या वीरगळांवर श्लोक क्वचितच असतो, पण दुसऱ्या मजल्यावर तोच श्लोक चित्राने सांगितलेला असतो.

सगळ्यात वरच्या चौकटीत शिवपिंडी असते. वीर तिच्यापुढे हात जोडून बसलेला, पलीकडे पूजा सांगणारा पुरोहित, कधी नंदी. खाली आडवा पडलेला माणूस इथे पुन्हा धडधाकट आहे. हा कैलास. लग्नपत्रिकेत किंवा भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखाली आपण आजही गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कै.’ लिहितो. कै. म्हणजे कैलासवासी. त्या एका अक्षराचं चित्र काढायचं म्हटलं तर वीरगळाची ही वरची चौकट होईल. जैन वीर असेल तर पिंडीच्या जागी तीर्थंकर दिसतो. तेव्हा मृताचा पंथ बघायचा असेल तर नजर वर न्यायची.

शेंड्याला कळस आणि त्याच्या दोन्ही अंगांना सूर्य नि चंद्रकोर. ती शोभेची नाहीत. जुन्या दानपत्रांत ‘आचंद्रार्क’ असा शब्द येतो: चंद्र-सूर्य आहेत तोवर. या माणसाची आठवणही तितकाच काळ राहो, एवढं त्या दोन खुणा सांगतात.

गाईंसाठी कोण जीव देतं?

अनेक वीरगळांच्या तळाशी गाई कोरलेल्या असतात, एकीमागे एक, कधी नुसती तोंडं ओळीने. शहरात वाढलेल्या वाचकाला हे धार्मिक वाटतं. गाय पवित्र म्हणून तिला वाचवायला माणूस मेला, असं. कारण त्याहून साधं आहे.

तेव्हा गावाची दौलत म्हणजे गोधन. नांगराला बैल, घरात दूध-तूप, शेताला खत, अडीअडचणीला विकायला जनावर. आजच्या हिशेबाने सोसायटीतलं खातं, ट्रॅक्टर आणि किराणा दुकान एकाच खिल्लारात चार पायांवर उभं होतं. आणि ही दौलत लुटायला सगळ्यात सोपी, कारण ती हाकलून नेता येते. रात्री दरोडेखोर किंवा शेजारच्या सामंताची माणसं यायची आणि कळप पळवायची. महाभारतातल्या विराटपर्वात कौरव हेच करतात, विराटाच्या गाई वळवून नेतात. कळप गेला की गाव त्या वर्षी उपाशी. म्हणून तो सोडवायला जो धावला आणि परत आला नाही, त्याचा दगड गावाने उभा केला.

म्हणूनच वीरगळातला ‘वीर’ हा शब्द ऐकून किल्ले आणि मोठ्या लढाया डोळ्यांपुढे आणू नयेत. राजांच्या आठवणीला ताम्रपट, शिलालेख, देवळं होती. गुराख्याच्या, राखणदाराच्या, वेशीवर पहारा देणाऱ्याच्या मरणाची नोंद कुठेही नाही. असलीच तर ती या दगडांवर आहे. मला या विषयाची ओढ आहे ती एवढ्याचसाठी.

माणसाच्याच का, कर्नाटकातल्या आतकूरला इसवी सन ९५०च्या सुमाराचा एक दगड होता, आता तो बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. त्यावर ‘काळी’ नावाच्या कुत्र्याची रानडुकराशी झालेली झुंज कोरली आहे. दोघंही त्या झुंजीत मेले. मालकाने आपल्या कुत्र्यासाठी दगड उभा केला आणि त्याच्या पूजेची सोयही लावून दिली.

म्हणजे हे थडगं का?

नाही. हा घोटाळा नेहमी होतो आणि त्यापायी काही ठिकाणी दगडाखाली खणाखणही झाली आहे. मृताला बहुतेक अग्नी दिलेला असे. वीरगळ हा त्याच्या आठवणीचा दगड, देहाच्या जागेवरचा नव्हे. पुरण्याची चाल असलेल्या समाजांच्या, लिंगायतांच्या, नाथपंथी आणि गोसाव्यांच्या समाधी असतात. त्यांची घडण वेगळी. वीरगळाखाली हाडं नसतात, आणि सोनं तर नसतंच. गुप्तधनाच्या नादाने तो उपटणाऱ्याच्या हाती फक्त फुटका दगड येतो.

बोरिवलीतलं समुद्रयुद्ध

सगळे वीरगळ गाई-घोड्यांचे नाहीत. मुंबईत बोरिवली पश्चिमेला एकसर आहे. आता चहूबाजूंनी इमारती, पण तिथे सहा वीरगळांचा समूह आहे, काही पुरुषभर उंचीपेक्षाही मोठे. त्यांतल्या काहींवर जहाजं कोरली आहेत: उंच नाळ म्हणजे पुढचं टोक, मधे डोलकाठी, कडेने ओळीत बाहेर आलेली वल्ही, आणि वर शस्त्रं घेतलेली माणसं. जहाजांचे काफिले एकमेकांवर चालून जाताना दिसतात. जमिनीवरच्या लढाईत हत्तीही आहेत.

तेराव्या शतकात उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात युद्ध झालं. १२६५च्या सुमारास सोमेश्वर समुद्रात बुडाला आणि ते राज्य यादवांकडे गेलं. यादवांच्या दरबारातल्या हेमाद्री पंडिताने लिहून ठेवलंय की महादेवाच्या क्रोधाच्या आगीपेक्षा त्याला समुद्रात बुडणं बरं वाटलं. एकसरचे दगड बहुतेक अभ्यासक याच युद्धाशी जोडतात, काही जण त्यांना अकराव्या शतकापर्यंत मागे नेतात. वाद चालू द्या. वल्ही मारणाऱ्यांची ती रांग एकदा जवळून बघावी. कोकणाला आरमाराची परंपरा होती, हे आपण शिवकाळापासून सांगतो. इथे ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातही कदंबांच्या काळातले वीरगळ मांडलेले आहेत, तिकडे गेलात तर चर्चसोबत तेही बघा.

‘पण हा आमच्या गावच्या मावळ्याचा दगड आहे’

असं सांगणारे मनापासून सांगतात, त्यांना खोटं पाडण्यात मला रस नाही. पण दगडच काय सांगतो ते आधी बघू. पेहराव, केसांची ठेवण, शस्त्रं, चौकटींची घडण यांवरून काळ ठरवता येतो. बंदूक कुठेच नाही, पगडी-मुंडासं नाही, अंबाडा आहे, वर कोरीव कळस आहे, तर तो दगड शिवाजी महाराजांच्या जन्माआधी तीनशे-चारशे वर्षं गावात उभा होता. म्हणजे मावळे गावात आले-गेले तेव्हाही तो जुनाच होता. यात गावाचा मान कमी होत नाही, वयच वाढतं.

मग नाव का नाही कोरलं? कर्नाटकात अनेक वीरगळांवर नाव, गाव, राजाचं नाव, लढाईचं कारण असा मजकूर असतो. आपल्याकडे तो अपवादाने सापडतो. दगड उभा राहिला तेव्हा सगळ्या गावाला माहीत होतं हा कोण ते. त्याची बायको रोज त्यापुढून पाण्याला जात होती. नाव लिहायची गरज कुणाला वाटली नसेल. ते विसरलं गेलं ते पुढे, दुष्काळात गावं उठली, नवी माणसं येऊन वसली तेव्हा. मग त्याच दगडाचा कुठे वेताळ झाला, कुठे म्हसोबा. शेंदूर चढला, नारळ फुटू लागले. त्यात मला वावगं वाटत नाही. पुजला म्हणून तर टिकला.

कोपरात वाकलेला हात

वीरगळाशेजारी पुष्कळदा दुसरा दगड असतो. त्यावर एका खांबातून हात बाहेर आलेला, कोपरात काटकोनात वाकलेला, पंजा उघडा, मनगटात चुडा. ही सतीशिळा. चुडा भरलेला आहे, म्हणजे बाई सौभाग्यातच गेली, असं त्यातून सांगायचं असे. कधी खाली नवरा-बायकोची जोडी असते, कधी दोन किंवा तीन हात. जितके हात, तितक्या बायका.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: हे जपायचं म्हणजे सतीच्या चालीला मोठेपणा देणं नाही का? बंगालमध्ये १८२९ साली आणि मुंबई इलाख्यात १८३० साली ती चाल कायद्याने बंद झाली. १९८७च्या कायद्याने तर सतीचं उदात्तीकरण करणं हाही गुन्हा आहे. तेव्हा सतीशिळेची जत्रा नको, ओटी भरणं नको, नवं देऊळ तर नकोच. पण दगड फोडून टाकला तर काय होईल? त्या बाईचं नाव आपल्याला माहीत नाही, वय माहीत नाही, तिला कुणी विचारलं होतं का तेही माहीत नाही. ती होती, एवढं सांगणारा एकच पुरावा उरलाय. तो आपणच पुसून टाकला, तर उद्या कुणीही म्हणू शकेल की असं काही घडतच नव्हतं. मी तो हात बघतो तेव्हा हात जोडत नाही. थांबून मात्र बघतो.

गाढव असलेला दगड वेगळा

कोकणात आणि ठाण्या-रायगडाकडे एका दगडावर सूर्य-चंद्र आणि खाली गाढव नि स्त्री अशी ओंगळ आकृती दिसते. तो गधेगळ, वीरगळाचा लांबचा नातेवाईकही नाही. राजाने जमीन दान दिली की ती कुणी बळकावू नये म्हणून दगडावर आईवरून शिवी कोरून ठेवत. अक्षरं न येणाऱ्यालाही धमकी कळावी, हा हेतू. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख, ज्याचं नाव मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत घेतलं जातं, तो असाच गधेगळ आहे. सूर्य-चंद्र दोन्हीकडे असल्याने लोक गोंधळतात. एवढं ध्यानात ठेवावं: वीरगळावर माणसाची आठवण, गधेगळावर जमिनीची राखण.

सापडला, तर करायचं काय?

पहिलं म्हणजे घासू नका. तारेचा ब्रश, ॲसिड, ऑइलपेंट या तिघांनी जेवढे वीरगळ खाल्ले तेवढे पावसाने नसतील खाल्ले. कोरीव रेघ आधीच नखाएवढी उरलेली असते, ब्रशच्या दोन हातांत ती जाते. रंग दिला की बारकावा बुजतो आणि आतली ओल आतच राहते. साधं पाणी, मऊ कापड किंवा कुंचला, बस.

झिजलेला दगड वाचायचा असेल तर भर दुपारी जाऊ नका. सकाळी सात-साडेसातला किंवा ऊन कलतं तेव्हा जा, तिरप्या उजेडात प्रत्येक रेघेची सावली पडते. तेही जमलं नाही तर रात्री टॉर्च दगडाला अगदी चिकटून बाजूने धरा. दुपारी जिथे नुसता खडबडीतपणा दिसला होता, तिथे घोड्याचा लगाम दिसतो.

दुसरं, जागेवरून हलवण्याआधी फोटो काढा, जागा लिहून ठेवा, तलाठ्याला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं शिल्प पुरावस्तू ठरतं. फार्महाऊसच्या फाटकाशी शोभेला ठेवायची ती चीज नव्हे, आणि देशाबाहेर नेणं तर सरळ गुन्हा आहे.

संग्रहालयात द्यावा का, असं विचारतात. फुटलेला असेल, चोरीची भीती असेल, तर जरूर. एरवी मी म्हणेन, गावातच राहू द्या. ज्या शिवाराच्या गाई राखताना तो माणूस मेला, ते शिवार त्याच्यासमोर असलं पाहिजे. जमिनीपासून वीतभर उंच ओट्यावर, पाणी साचणार नाही अशा जागी, सिमेंटमध्ये न चिणता उभा करावा. शेजारी एक पाटी लावावी, आणि पाटीवर ‘प्राचीन’ लिहिण्याऐवजी चारही चौकटींत काय आहे ते लिहावं.

सिमेंटचं मुद्दाम सांगतो. आमच्या आजोळच्या देवळामागे दोन वीरगळ होते. लहानपणी आम्ही त्यांच्यावर बसून चिंचा खायचो. जीर्णोद्धार झाला, गावाने वर्गणी काढून हौसेने फरशी घातली, आणि ते दोन्ही दगड चौथऱ्यात भरणीला गेले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ते वाचता येणारा माणूस त्या दिवशी तिथे नव्हता, आणि असता तर तो मी असायला हवा होतो.

तिसरा निघाला तो ओढ्यावर. बायका ज्यावर धुणं आपटायच्या तो सपाट दगड, चारेक फूट लांब. दोन वर्षांमागे पाऊस लांबला, ओढा आटला, आणि त्याच्या कडेला मला एक आडवी पट्टी दिसली. मामाला म्हटलं, उलटून बघू. मामी म्हणाली, “अरे, धुण्याचा दगड त्यो. माझ्या सासूच्याबी आधीपास्नं हाय.” पहारी लावून चौघांनी तो उलटा केला. शंभरेक वर्षं तोंड चिखलात असल्यामुळे कोरीव काम जवळजवळ जसंच्या तसं होतं. मामीने कळशीभर पाणी ओतलं आणि पदरानेच गाळ पुसायला घेतला, खालच्या चौकटीपासून. आधी पाय निघाले, मग आडवा पडलेला माणूस, हातातली ढाल. त्याच्या उशाशी गाई, तीन. तिसरीच्या पोटाखाली बोटाच्या पेराएवढं वासरू, मान वर करून दूध पिणारं. मामी पुसायची थांबली आणि म्हणाली, “ही तर ताजी व्यालेली दिसतीय.”